खोकल्यापुढचं कडवं

एके काळी सिंदेवाहीच्या बसस्टँडवरून समोरच्या पानठेल्यापर्यंत जायला संघपाल डोंगरेला अर्धा तास लागायचा, इतके लोक त्याला फोटोसाठी अडवायचे. असं संघपाल डोंगरे सांगतो. दुसरं कोणीच सांगत नाही, एवढीच काय ती अडचण आहे.

तेव्हा तो संघपाल नव्हता, एमसी ढाण्या होता. वडशाला नाटकांच्या जाहिराती रेकॉर्ड करणाऱ्या एका स्टुडिओत, दोन जाहिरातींच्या मधल्या रिकाम्या वेळात, त्यानं 'हट बाजूला' नावाचं रॅप गायलं होतं. 'हट बाजूला, हट बाजूला, ढाण्या आला, हट बाजूला!' मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची तो जमाना. हे गाणं नागभीडपासून मूलपर्यंत प्रत्येक कार्डात शिरलं. ट्रॅक्टरवर वाजलं, मंडईत वाजलं, वरातीत तर असं वाजलं की नवरदेव घोड्यावरून खाली उतरून नाचले. ढाण्यानं वाघाच्या पट्ट्यांचं जाकीट शिवून घेतलं, गॉगल घेतला आणि सही वळणदार केली. मग मेमरी कार्डं गेली, दुसरी गाणी आली, आणि लोकांनी ज्या उत्साहानं ढाण्याला डोक्यावर घेतलं होतं त्याच उत्साहानं ते त्याला विसरून गेले. संघपालनं परीक्षा दिली आणि तो एका सिंचन कार्यालयात कनिष्ठ लिपिक झाला. आता त्या गाजलेल्या आवाजाचा उपयोग 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' एवढं सांगायला होतो.

हे असंच सुखानं चाललं असतं. पण दसऱ्यानंतर आठवीतल्या हर्षाला, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीला, शाळेत 'माझे बाबा' हा निबंध आला. बाकीच्या पोरांनी आपापले बाबा कष्टाळू, प्रेमळ आणि शिस्तप्रिय असल्याचं लिहून मार्क घेतले. हर्षानं खरं लिहिलं. 'माझे बाबा पूर्वी प्रसिद्ध रॅपर होते. लोक त्यांच्या गाण्यावर वरातीत नाचत.' मराठीच्या धनराज सरांनी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हर्षा, विषय 'माझे बाबा' आहे, 'मला पडलेलं स्वप्न' नाही." वर्ग हसला. सर न्यायी माणूस, त्यांनी सर्वांसमक्ष आपल्या मोबाइलवर शोधही घेतला. 'ढाण्या' टाकल्यावर ताडोब्यातल्या वाघांचे व्हिडिओ आले. चिखलात लोळणारा एक वाघ सरांनी वर्गाला दाखवला आणि विचारलं, "हे काय तुझे बाबा?" त्या दिवसापासून हर्षाचं नाव 'फेकूबाई' पडलं.

हर्षा रडली नाही. रडली असती तर संघपालनं समजूत घातली असती आणि प्रकरण मिटलं असतं. तिनं मैत्रिणींबरोबर डबा खाणं सोडलं आणि घरी येऊन शांतपणे सांगितलं, "बाबा, ते गाणं मले द्या. मी वर्गात लावतो. नाई तं सरळ सांगून द्या का असं गाणं नव्हतंच, म्हणजे मी सरांची माफी मागून मोकळी होतो."

हे ऐकून संघपालनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"हायेच गाणं!" तो म्हणाला. "सीडी हाये आपल्या घरी."

सीडी खरोखर होती. बायको दीपालीनं ती परसातल्या पेरूवर टांगली होती, पाखरं पळवायला. ऊन लागून लागून सीडीच्या पाठीचे पोपडे निघाले होते. "माहं अख्खं करिअर तू पेरूले टांगलं," संघपाल म्हणाला. "मंग पेरू कोणी खाल्ले असते?" दीपालीनं विचारलं. ह्या प्रश्नाला कलेच्या इतिहासात उत्तर नाही. "अन् एवढी धावपळ काऊन? इथी ओट्यावर बसा अन् म्हणून दाखवा पोरीले."

"कलावंत ओट्यावर गात नसतो," संघपाल ताठ मानेनं म्हणाला आणि आत निघून गेला. खरं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. 'हट बाजूला'च्या पुढची एक ओळही त्याला आठवत नव्हती.

यूट्यूबवर ते गाणं कधीकाळी होतं, पण ते स्टुडिओवाल्यानं टाकलं होतं. स्टुडिओ बंद पडला, तसं त्याचं चॅनेलही गेलं. आता त्या जागेत कोंबड्यांचं खाद्य मिळतं, अशी बातमी शेजारच्या बापूरावांनी आणली. बापूराव निवृत्त ग्रामसेवक. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला सल्ला देण्याच्या कामावर पूर्णवेळ नेमून घेतलं होतं.

"संघपालभाऊ, तुम्ही मतदार जागृतीचं गाणं नव्हतं का म्हटलं त्याच चालीवर? 'हट बाजूला, मत दे आधी.' सरकारी कामात वाजलं म्हणजे सरकारजवळ असन. सरकार काईच फेकत नाई. मले तं अजून माह्या पहिल्या नोकरीतल्या नोटिशीचं स्मरणपत्र येते."

संघपाल निवडणूक कचेरीत गेला. तिथल्या बाबूनं त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, त्यामुळे हे काम होणार नाही हे संघपालला लगेच कळलं. तो स्वतःही तसंच करतो.

"गाणं असू शकते," बाबू म्हणाला, "पण ते एमसी ढाण्याचं आहे. तुमच्या आधारवर तं संघपाल डोंगरे आहे."

"मीच ढाण्या."

"मी कुठी नाई म्हणून राह्यलो? पण ढाण्या म्हणजेच डोंगरे, असं प्रतिज्ञापत्र लागन. त्यावर दोन साक्षीदार. त्यांनी तुम्हाले ढाण्या म्हणून प्रत्यक्ष पाह्यलेलं पायजे."

संघपालला ह्या उत्तरातली कारागिरी कळली. एरवी त्यानं उठून हात मिळवला असता. बाहेर येऊन त्यानं साक्षीदार शोधले. बापूरावांना ढाण्या आठवत होता, पण तो उंच होता असं त्यांचं ठाम म्हणणं पडलं. "तुम्ही तो नाई, भाऊ. राग नका मानू, पण त्याची पर्सनॅलिटीच अलग होती." पानठेलेवाल्याला गाणं आठवलं, पण ते नागपूरच्या कोणाचं तरी आहे म्हणाला. ज्या जागी लोक फोटोसाठी अडवायचे त्याच जागी उभा राहून संघपाल येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होता, आणि लोक त्याला चुकवून पलीकडून जात होते.

शेवटी कुलदीप भेटला. कुलदीपचं पूर्वी मेमरी कार्ड भरून द्यायचं दुकान होतं. आता तो आठवडी बाजारांतून चार्जिंगच्या टॉर्च, पंखे आणि आवाज भरून ठेवता येणारे हातातले भोंगे विकत फिरतो. त्यानं ढाण्याला बघताक्षणी ओळखलं. संघपालचे डोळे भरून आले.

"तुमचं गाणं माह्यापाशी नाई आता, कॉम्प्युटरच जळला," कुलदीप म्हणाला. "पण धानोऱ्याच्या पुढं एक गाव हाये, तिथी लालसूभाऊ म्हणून हाये एक. त्याच्याकडं अजून वाजते. रोज वाजते! संध्याकाय झाली का सुरू. पूर्ण शिवार आयकते. आता ते काऊन वाजवते म्हणसान तं—"

"कारण नको सांगू," संघपालनं हात वर करून त्याला थांबवलं. "मले समजलं."

"नाई, पण सांगतो न, त्याचं असं झालं का—"

"कुलदीप, खऱ्या श्रोत्याले कारण नाई लागत."

कुलदीपनं खांदे उडवले. तो धंदेवाईक माणूस, गिऱ्हाइकाच्या समजुतीत तो ढवळाढवळ करत नाही.

रविवारी संघपालनं ट्रंकेतून पट्ट्यांचं जाकीट काढलं. ते पोटावर बसेना, म्हणून उघडंच ठेवलं. गॉगल लावला. सही करायला मार्कर घेतला. हर्षाला म्हणाला, "चल, बापाचे फॅन पाहाले." हर्षानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला गणिताचा अभ्यास आठवला. बापूरावांनी दारातून निरोप दिला, "जंगलाच्या रस्त्यानं पट्ट्याचं जाकीट घालून जाऊ नका, भाऊ. वनखात्यानं पिंजरा लावला तं सोडवाले कोणी नाई येनार."

मूल गाव मागं टाकलं, वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोलीत चहा घेतला आणि मोटारसायकल धानोऱ्याच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे साग, मधे मोकळ्या जागी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, लोंबी भरून खाली वाकलेली. संघपालला वाटेत स्वागताची दृश्यं दिसत होती. लालसू हा तरुण असणार, केस रंगवलेले असणार, आपल्याला पाहून त्याला शब्द फुटणार नाहीत. आपण खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, अरे, मी पण तुमच्यातलाच एक आहे.

लालसू साठीकडे झुकलेला निघाला. कमरेला पंचा, हातात विळा. त्याची बायको सोनीबाई अंगणात मोहाची टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, निवडत बसली होती. संघपालनं गाडी लावली, गॉगल काढला, थोडा वेळ जाऊ दिला. लालसूला शब्द लगेच फुटले.

"जोहार," लालसू म्हणाला. "डांबर रोडवाले का तुम्ही?"

"मी एमसी ढाण्या. 'हट बाजूला'वाला."

लालसूनं सोनीबाईकडे पाहिलं. सोनीबाई म्हणाली, "बोलाले सांग त्याले." संघपालनं 'हट बाजूला' म्हणून दाखवलं. सोनीबाईनं मान हलवली. "तोच हाये. आवाज तोच हाये. माये, एवढा लहान हाये का हा?"

मग मात्र पाहुणचार झाला. बाज टाकली, काळा चहा आला. संघपाल सैलावला. "लालसूभाऊ, तुम्हाले ह्या गाण्यातलं काय आवडते?"

"आवडत तं नाई," लालसू प्रांजळपणे म्हणाला. "डुकरासाठी लावतो."

संघपालला वाटलं, डुकर नावाचं कोणी लहान पोरगं असेल. आडनावंही असतात अशी. लालसूनं त्याला बांधीवर नेलं. मधोमध मचाण, मचाणाच्या खांबाला लाल तोंडाचा भोंगा बांधलेला. पलीकडे दुसऱ्याची बांधी होती, रानडुकरांनी नांगरल्यासारखी उकरलेली. लालसूचा धान मात्र उभा होता.

"पहिलं फटाके फोडले," लालसू सांगू लागला. "दोन दिवस पयाले, मंग आयकाले बसाले लागले. थाळी वाजवली. कुत्रं बांधलं. कुलदीपनं वाघाचा आवाज भरून देला, तं डुकरं वाघ कुठी हाये ते पाहाले उलटे जवळ येत. मंग त्यानं तुमचं गाणं भरलं. एकदम पयाले! आता पेरणीपासून कापणीपर्यंत तुमचंच चालू राह्यते. पूर्ण धान तुमच्या भरोशावर हाये."

संघपालला काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्याला अतिशय वाईट वाटलं. आणि त्या वाईटाच्या तळाशी कुठेतरी, वाघाला जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, ह्याचं थोडं बरंही वाटलं. कलावंत असाच असतो, त्याला काहीही चालतं.

"कोणत्या ओळीले पयतात?" त्यानं विचारलं. "'ढाण्या आला'ले का?"

"नाई. खोकल्यावर."

दुसऱ्या कडव्याच्या आधी एमसी ढाण्याला स्टुडिओत ठसका लागला होता. तो काढून टाकायचं राहून गेलं होतं. 'हट बाजूला' आणि पहिलं कडवं डुकरं सहन करत. ठसका आला की कळपच्या कळप नाल्यापलीकडे जाई. दुसरं कडवं आजवर एकाही डुकरानं ऐकलेलं नव्हतं.

असो. गाणं मिळालं होतं, आणि हर्षासाठी ते न्यायचं होतं. संघपाल मचाणावर चढला. भोंगा बंद होता, तो चालू करून मोबाइलवर गाणं घ्यायचं, एवढंच काम. लालसू खालून म्हणत होता, "थांबा भाऊ, मी येतो." पण ज्या माणसाचा आवाज त्या यंत्रात आहे त्यानं ते चालवायला दुसऱ्याची मदत घ्यावी, हे संघपालला पटेना. त्यानं एक बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणून त्यानं लाल बटण दाबलं आणि बराच वेळ दाबून धरलं.

मग भोंगा शिवारभर बोलू लागला: "अरे, हे चालू कसं होते, लालसूभाऊ? हे लाल बटन कायचं हाये? अरे, हे चालू कसं होते, लालसूभाऊ? हे लाल बटन कायचं हाये?"

जगात उरलेलं 'हट बाजूला' पुसलं गेलं होतं. लालसू खाली उभा राहून वर बघत होता. सूर्य सागाच्या मागं गेला होता. नाल्याकडून गवत हलू लागलं. लोंब्या भरलेल्या, कापणी तोंडावर, आणि राखणीला एक प्रश्नार्थक वाक्य.

"आता काय करता, ढाण्याभाऊ?" लालसूनं हळूच विचारलं. "घुसले तं एका झटक्यात खलास हाये."

संघपालनं जाकीट सावरलं, तोंडाशी हात धरला आणि ओरडला, "हट बाजूला, हट बाजूला, ढाण्या आला, हट बाजूला!" गवत थांबलं. डुकरांनी गाणं ओळखलं होतं. सिंदेवाहीत एवढंही कोणी केलं नव्हतं. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. मग त्याच्याजवळ काहीच उरलं नाही. गवत पुन्हा हलू लागलं.

"झाडीचा पोट्टा!" बांधावरून सोनीबाई ओरडली.

"काय?"

"'झाडीचा पोट्टा, खिशात नाई नोटा'! म्हण न पुढं! एवढं बी येत नाई का? किती वर्सं झाले, आयकू आयकू माहे कान पिकले, मले झोपेत येते!"

"झाडीचा पोट्टा, खिशात नाई नोटा," संघपाल गाऊ लागला, "तरी माह्या मांगं हाये पब्लिक मोठा!"

"आता खोकल!"

"अवं पण—"

"खोकल म्हणते न मी!"

संघपाल खोकला. आधी लाजत, मग सोनीबाई समाधानी होईना म्हणून पोटातून. गवतात एकदम धांदल उडाली, चीत्कार उठले आणि काळ्या पाठी नाल्याकडे धावत सुटल्या. लालसूनं पंचा हवेत उडवला. पण संघपाल आता थांबत नव्हता. त्यानं सोनीबाईकडे बघितलं आणि तिनं, कंटाळलेल्या आवाजात, त्याचंच दुसरं कडवं त्याला परत दिलं: "नाव विसरशील, गाव विसरशील, माहा आवाज कसा विसरशील."

ते त्यानं रिकाम्या बांधीसमोर म्हटलं. आवाज चिरकला. पण शेवटपर्यंत म्हटलं.

मग लालसूनं स्वतः वर येऊन नीट बटण दाबलं, आणि खोकल्यासकट सारं पुन्हा भोंग्यात भरलं. संघपालनं मोबाइलवरही घेतलं; तेवढ्यात परत फिरलेली डुकरं खोकल्यावर पुन्हा ओरडत पळाली, तीही त्यात आली. निघताना सोनीबाई म्हणाली, "आमचं नवं झालं का येजो, नव्या धानाचा भात खाले. तुह्याच राखणीचा हाये. गाणं नको म्हणू पण."

घरी आल्यावर हर्षानं मोबाइल घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते वर्गात लावलं. धनराज सरांनी कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला. "हे रेकॉर्डिंग कालचं आहे. मागून डुकरांचा आवाज येतो आहे. तेव्हा लोक नाचत होते, हे ह्यातून सिद्ध होत नाही." वर्ग आधीपेक्षा जास्त हसला. हर्षा घरी येऊन म्हणाली, "जाऊ द्या बाबा." तिचं ते 'जाऊ द्या' संघपालला फार लागलं.

दोनच दिवसांनी संध्याकाळी दारात धनराज सर उभे होते. हातात टोपी, शर्टाला चिखल. शाळेतली शुद्ध भाषा त्यांनी बहुतेक शाळेतच ठेवली होती.

"डोंगरेभाऊ, त्या रेकॉर्डिंगमध्ये डुकरं पयताना आयकू आले मले. दूर दूर जाताना. खरंच पयाले का?"

"काऊन?"

"माही बांधी हाये गावाकडं. काल अर्धी उकरली." सर ओट्यावर टेकले. "थोडं लावून दाखवा न."

संघपालनं लावलं. 'हट बाजूला' सुरू झालं आणि सरांचा पाय आपोआप हलू लागला. मग त्यांच्या ते लक्षात आलं आणि पाय थांबला. "हे तं," ते चाचरत म्हणाले, "हे तं माह्या वरातीत वाजलं होतं. मी घोड्यावरून खाली उतरलो होतो."

"मंग वर्गात काऊन नाई बोलले?"

"आठवलंच नाई, भाऊ. खरंच नाई आठवलं."

दारामागे हर्षा उभी होती, हे दोघांनाही माहीत होतं. संघपालला त्या क्षणी सरांचा भरपूर अपमान करता आला असता. लिपिकाच्या नोकरीनं त्याला ती सगळी वाक्यं शिकवली होती. पण त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "गाणं घेऊन जा, सर. उद्या वर्गात हे सांगा. घोड्यावरून उतरल्याचं पण."

दुसऱ्या दिवशी रात्री हर्षानं पानं मांडली. मग पानावर बसल्यावर म्हणाली, "सरांनी सांगतलं. घोड्यावरचं पण. नाचून दाखवाले लावलं पोट्ट्यांनी त्यांले." दीपाली हसली. हर्षा पुढे म्हणाली, "अन् बाबा, रात्री लावलं होतं म्हणे बांधीवर. डुकरं 'हट बाजूला'लेच पयाले. खोकल्यापर्यंत बी नाई थांबले."

संघपालचा घास हातातच राहिला. पीक वाचलं, लेक खरी ठरली, सगळं मनासारखं झालं होतं. तरीही त्याचा चेहरा पडला.

"एवढी काय घाई होती त्यांले?" तो म्हणाला. "दुसऱ्या कडव्यापर्यंत तं थांबाले पायजे होतं."

"मी थांबली न, बाबा," हर्षा म्हणाली. "त्या दिवशी, दार लावून. दोनदा आयकलं, शेवटपर्यंत."